पापणी एकदा मिटली तर

"पापणी एकदा मिटली तर काय समजायचं?" नव्या नर्सनं विचारलं.

"हो," बाप म्हणाला.

"नाही," लेक त्याच क्षणी म्हणाली.

खाटेवर आई. झटका आल्यापासून तिच्या अंगात हलत होती ती फक्त डावी पापणी. सकाळी बाप बसायचा, दुपारनंतर लेक.

"पण पेशंटला ही खूण सांगितलीय ना?" नर्स म्हणाली.

बापानं लेकीकडे पाहिलं, लेकीनं बापाकडे. मला वाटलं तू सांगितलंस, मला वाटलं तुम्ही. दोन घरचा पाहुणा उपाशी, दुसरं काय! नर्सनं काढता पाय घेतला.

आणि हा बाप जन्मभर कॉम्प्युटर शिकवणारा. पहिल्याच तासाला पोरांना सांगायचा, यंत्राला ओ की ठो कळत नाही. दिवा लागला म्हणजे एक, विझला म्हणजे शून्य, हे आपण ठरवायचं. उलट ठरवलंत तरी त्याला सोयरसुतक नाही.

"तुम्ही काय विचारायचात?" लेकीनं विचारलं.

"मी आलोय, ओळखलंस ना? रोज एकदा मिटायची. तू?"

लेक आईशी भांडून घर सोडून गेली होती, ती आईच्या आजारपणामुळे परतली होती. "अजून रागावली आहेस का, म्हणून विचारलं. एकदाच मिटली. बाबा, मी इथंच ढसाढसा रडले."

आता नवऱ्याला ओळखत असेल, तर लेकीवरचा राग तसाच. राग गेला असेल, तर नवरा परका. पापणी नुसतीच मिटत असेल, हेही दोघांच्या मनात आलं.

"तुमचंच धरू या," लेक म्हणाली.

"छे, तुझंच बरोबर. अगं, तुझी आई कधी पहिल्या फटक्यात हो म्हणाली आहे का?" हसायला गेला, पण जमलं नाही. मग तो खाटेवर वाकला. "ऐकतेस ना? आजपासून एकदा म्हणजे नाही, दोनदा म्हणजे हो. सांग, मी कोण ते कळतंय?"

पापणी एकदा मिटली. तो वाट बघत राहिला. ती पुन्हा हलली नाही.

"नाही म्हणते," त्यानं लेकीला सांगितलं. मग स्टूल पुढे ओढलं, बायकोचा हात हातात घेतला, आणि पहिल्यापासून तिला आपली ओळख करून द्यायला लागला.