तळमजल्यावरचा समुद्र

"आधी हा कचरा इथून उचला," सेक्रेटरी विद्याधर म्हणाले. नाकाला रुमाल लावूनच म्हणाले.

सोसायटीच्या हॉलमध्ये विज्ञान दिनाचं प्रदर्शन होतं. आठवीतल्या श्रुतिकाने भिंतीवर छतापासून फरशीपर्यंत कागद सोडून अख्खा समुद्र केला होता. वर फिका निळा, उन्हाचा थर. त्यात बांगडे, तारल्या, उडी मारणारा डॉल्फिन. दोनशे मीटरखाली संधिप्रकाश आणि म्हाकूळ. हजाराखाली ठार अंधार, आणि त्यात कपाळावर स्वतःचा दिवा घेऊन फिरणारा मासा. अगदी तळाला काळ्या कागदावर समुद्रकाकड्या नावाचे लांबट, गुबगुबीत जीव, आणि त्यांच्यासमोर फरशीवर एक ट्रे. ट्रेमध्ये केसांचा गुंता, औषधाची रिकामी पट्टी, सुकलेला हार, जुना टूथब्रश आणि कागदाचं एक पुडकं. प्रत्येकावर वाराची चिठ्ठी.

"काका, तळाशी ऊन पोचत नाही, तिथे काही उगवत नाही," श्रुतिका पाठ केलेलं सांगू लागली. "वरच्या थरांतून जे पडतं त्यावरच तिथले बहुतेक जीव जगतात. मेलेल्यांचे तुकडे, विष्ठा, उष्टंखरकटं. त्याला सागरी हिम म्हणतात. तळाला पोचायला त्याला कित्येक आठवडे लागतात. मला खरं हिम कुठून मिळणार? म्हणून आमच्या छज्ज्यावर आठवडाभरात जे पडलं, ते ठेवलं."

मागच्या रांगेतून कोणीतरी फिस्सकन हसलं. श्रुतिकाची आई, नीलम, बाजूलाच उभी होती. सकाळी तिनेच लेकीला म्हटलं होतं, नको गं, आपलीच शोभा होईल. आता मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मुलुंडच्या या सात मजली इमारतीत ती चार वर्षं तळमजल्यावर राहत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीवरचा छज्जा तिचा, पण त्यावर हक्क साऱ्या इमारतीचा. कलिंगडाच्या साली पडल्या. निर्माल्य पडलं. एकदा बाळाचा भरलेला डायपर पडला, तोही भाकऱ्या थापत असताना. तिने वर मान करून हाक मारली की सातही मजल्यांच्या खिडक्या मुक्या. आणि महिन्यापूर्वी लिफ्टजवळ नोटीस लागली: 'तळमजल्याच्या सदस्यांनी आपला परिसर स्वच्छ ठेवावा. दुर्गंधीच्या तक्रारी आहेत.' खाली विद्याधरांची सही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. ती नोटीस उतरलेली बघायची, एवढंच आता नीलमला हवं होतं.

नोटिशीच्या आधीच ती दारोदार जाऊन भांडायला निघाली होती. नवऱ्याने अडवलं. कुंडलिक पोस्टात टपाल वेगळं करायच्या कामावर, बावीस वर्षं. त्याचा एका गोष्टीवर गाढ विश्वास होता: शिक्का बसला की कागद पोचतो. डिसेंबरात त्याने सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. सेक्रेटरींकडून शिक्का मारून घेतला, सही घेतली, दोन्ही प्रतींवर. एक प्रत सेक्रेटरींकडे राहिली, दुसरी त्याने घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत कपाटात ठेवली. मग जिन्यात भेट झाली की अदबीने विचारायचा, "साहेब, अर्ज कुठपर्यंत आला?"

"प्रोसेसमध्ये आहे," विद्याधर म्हणायचे. आणि कुंडलिक घरी येऊन बायकोला तेच सांगायचा, चेहऱ्यावर समाधान घेऊन. त्या समाधानाचाच तिला जास्त राग यायचा.

"हे वरून पडलं कशावरून?" विद्याधर आता सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारत होते. "तुमच्याच घरातलं नसेल कशावरून? वर आमच्या मजल्यावर असली माणसं राहत नाहीत. उद्या कोणीही उठेल आणि घरातली घाण आणून मांडेल! हा प्रोजेक्ट बाहेर काढा."

"आम्ही रोज काठीने ओढून काढतो, काका," श्रुतिका म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"जाऊ दे ना, नीलम," कुंडलिक हळूच म्हणाला. "अर्ज दिलाय आपण. कशाला वाद?"

विद्याधरांनी बुटाच्या टोकाने ट्रे ढकलला. ट्रे कलला आणि पुडकं घरंगळत नीलमच्या पायाशी आलं.

"आणि यात काय बांधून ठेवलंय? उघडा की. कोणाच्या घरचं आहे ते कळू दे सगळ्यांना."

"ते गुरुवारी पडलं," श्रुतिका म्हणाली. "जसं पडलं तसंच ठेवलंय. उघडलं नाही."

नीलमने वाकून पुडकं उचललं आणि भर हॉलमध्ये उघडलं. भुईमुगाच्या शेंगांची टरफलं फरशीवर सांडली. कागद चुरगळून ट्रेमध्ये टाकायला तिने मूठ वळली, आणि थांबली. अक्षर ओळखीचं होतं. पट्टी धरून ओढल्यासारख्या सरळ ओळी. 'प्रति, माननीय सचिव.' खाली सोसायटीचा जांभळा गोल शिक्का. शिक्क्याशेजारी 'मिळाला', आणि नोटिशीवर होती तीच सही.

तिने कागद वर धरला, सगळ्यांना दिसेल असा. विद्याधरांचा रुमाल नाकावरून खाली आला.

कुंडलिक पुढे झाला. आपलंच अक्षर तो पुन्हा पुन्हा वाचत राहिला, पत्ता चुकलेलं टपाल वाचावं तसं. नीलमने तो कागद त्याच्या हातात दिला.

"तुमचंच खरं हो," ती म्हणाली. "शिक्का बसला की कागद पोचतो. बघा, आपल्या छज्ज्यावर पोचला."