माडीवरच्या चपला

मारिट पहिल्यांदाच भारतात आली होती, तीही एकटी. नॉर्वेहून निघाल्यावर दोन दिवसांनी, भर दुपारी, ती सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या माझ्या घरी पोहोचली. तिच्यासाठी मी माडीवरची खोली झाडून ठेवली होती. पूर्वी तिथे मी मुलांच्या शिकवण्या घ्यायचो. त्या बंद होऊन अकरा वर्षं झाली. आता घरात मी एकटाच.

वर गेलेली मारिट लगेच खाली आली. बूट तिच्या हातातच होते.

"गुरुजी, दाराबाहेर बूट ठेवायला जागा नाही. खूप लहान लहान चपला आहेत," ती तिकडेच शिकलेल्या पुस्तकी मराठीत म्हणाली. "मुलांचा वर्ग केव्हा सुटणार? मला फार झोप येते."

"वर कुणी नाही की गं. उन्हानं तसं वाटलं असेल. चल, दाखवतो."

गुडघे धरत मी जिना चढलो. दाराबाहेर एकही चप्पल नव्हती. तरी मारिट पाऊल उचलून, जागा शोधत, कडेकडेनं चालली.

मी दार ढकललं. आत तिच्यासाठी अंथरलेली चादर तेवढी होती.

"बघ, रिकामी आहे. झोप आता निवांत."

माझ्या मागून तिनं आत डोकावलं.

"गुरुजी," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला बघून ही सगळी एकदम उभी का राहिली?"