भिंतीपलीकडचा पंचम

इलाहीचाचांच्या छातीतले कृत्रिम हृदय बहुधा काढावे लागणार, असे तपासनीस शरयू नाडगौडाला वाटू लागले होते. या हृदयांच्या ठोक्यांत अनियमितपणा मुद्दाम भरलेला असे. कोणतीही दोन जुळणे अशक्य. तरीही रोज दुपारी चार ते पाच चाचांचा आलेख त्यांच्या थोरल्या भावाच्या तशाच हृदयाच्या आलेखाशी तंतोतंत जुळत होता. मिरजेतल्या दोघा भावांच्या तंबोऱ्यांच्या कारखान्यात नऊ वर्षांपूर्वी मधोमध भिंत उभी राहिली होती आणि तिच्याबरोबर अबोलाही.

"चारला पलीकडे काय चालतं?" शरयूने भिंतीकडे बोट दाखवत विचारले.

"भाई तंबोरा जुळवतो. मला काय त्याचं? माझा रंधा चालू असतो."

शरयूने आलेख पुन्हा न्याहाळला. भोवतालची कंपने या हृदयांना किंचित ढकलत. दोघांना तेच धक्के बसत राहिले, तर दोन्ही एका चालीत येत. मध्ये रंध्याची खरखर असती, तर हे घडलेच नसते.

"चाचा, चारला तुमचा रंधा बंद असतो."

चाचांनी अंगावरचा भुसा झटकला. "त्याचा पंचम हल्ली उतरतो. कोणीतरी ऐकायला नको?"

"यंत्र निर्दोष," तिने नोंदवले. "आलेख मात्र दोघांनाही दाखवावा लागेल. नियम आहे."

"नियमच असला तर काय करणार," चाचा म्हणाले आणि त्यांनी पावणेचारलाच रंधा खाली ठेवला.