टेपचं दुमडलेलं टोक

"बाबा, अख्ख्या गावाचे टीव्ही तुम्ही बोलते करता, मग आपल्याच घरातला मुका का?"

प्रश्न तिचा नव्हता. दादाच्या खोलीत पलंगावर मांडी ठोकून बसलेल्या दोन मैत्रिणींनी, चष्मिश आणि बडबडीने, तिला पैजेवर पाठवलं होतं. चष्मिशचं म्हणणं होतं, ही दारातूनच परत येणार. ती आली नाही. चांगली कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

बाबा कुणाचा तरी रिमोट उघडून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"त्याचा पार्ट मिळत नाही. तुझ्या दादालाही सांगितलं होतं."

"कुठला पार्ट?"

बाबांनी रिमोटवर फुंकर मारली. "खेळा की बिनआवाजाचं. तो खेळायचाच ना."

दादा खेळायचा, पण कानांना हेडफोन लावून. आता हेडफोन आणि व्हिडिओ गेमचं यंत्र दोन्ही इथंच होतं, दादा नव्हता. तो घर सोडून गेला त्याला आठ महिने झाले होते, आणि या घरातून त्याला फोन जायचा नाही, हे बाबांनी त्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

"काय म्हणाले?" ती खोलीत परतताच बडबडीने विचारलं.

"पार्ट मिळत नाही म्हणे."

"म्हणजे गेम नाही. चला, घरी जाऊन अभ्यासाचं नाटक करू."

"बस गं. मला बघू दे."

सुट्टीत ती बाबांच्या दुकानात बसायची. आधी सोपं तपासायचं, मग अवघड, हे त्यांनीच शिकवलेलं. तिने केबल बदलली. दुसऱ्या खाचेत लावून पाहिली. यंत्राच्या सेटिंगमध्ये आवाज टीव्हीकडेच सोडलेला होता. मग दादाचे हेडफोन त्याच्या कंट्रोलरला लावले, तर आवाज खणखणीत. म्हणजे यंत्र शहाणं होतं. पेनड्राइव्हवरचं गाणं टीव्हीला लावलं. पडद्यावरची बाई ओठ हलवत राहिली, सूर काही निघेना.

"टीव्हीच," ती म्हणाली. तिने प्लग काढला, टीव्ही पलंगावर पालथा घातला आणि स्क्रू फिरवायला लागली.

"तुला येतं ना हे? का आम्ही लांब बसू?" बडबडी म्हणाली.

"कुणाची मुलगी आहे मी?"

मागचं झाकण निघालं. आत बोटभर धूळ. स्पीकरची वायर बोर्डापासून सुटलेली होती. जळली नव्हती, उंदराने कुरतडली नव्हती, आपोआप निसटलीही नव्हती. तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली होती, अगदी घट्ट आणि सारखी. आणि टेपचं शेवटचं टोक आत दुमडून त्याची इवलीशी जीभ केली होती.

अशी जीभ एकच माणूस ठेवतो. पुढच्याला सोलायला सोपं जावं, नख लावत बसावं लागू नये म्हणून. तिलाही त्यांनीच दाखवलं होतं, हात हातात धरून.

"सापडलं?" चष्मिशने विचारलं.

तिने जीभ धरून ओढली. टेप एका दमात निघून आली. तिने वायर जागेवर बसवली, झाकण लावलं, टीव्ही उभा केला.

यंत्र चालू होताना वाजायची ती धून घरभर घुमली.

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. आई ओल्या हातांनी धावत आली आणि दारात थांबली. तिने पलंगावर पाहिलं. चष्मिश, बडबडी, आपली मुलगी. मग खिडकीपाशी, मग दाराच्या मागेही.

"मला वाटलं..." ती म्हणाली आणि हात पुसायला लागली. पुसून झाले तरी पुसत राहिली.

तिच्या मागे बाबा येऊन उभे राहिले. रिमोटचं झाकण अजून हातातच होतं. मुलीने बोटाला चिकटलेली टेप वर धरली. बाबांनी ती बघितली, आणि ओळखली.

"परीक्षा होती त्याची," ते म्हणाले. "महिनाभरासाठी वायर काढली होती. संपली की लावणारच होतो."

"मग?"

"मग तो हेडफोन विकत घेऊन आला. मला म्हणाला, राहू द्या बाबा, पार्ट मिळत नाही तर कशाला दुकानं पालथी घालता." बाबांनी झाकण या हातातून त्या हातात घेतलं. "त्यानंतर कसं सांगणार?"

चष्मिशने बडबडीला कोपराने ढोसलं. दोघी चपला हातात घेऊनच बाहेर पडल्या. जाताना बडबडी हळूच म्हणाली, "जिंकलीस."

आई टीव्हीकडेच बघत होती. "जेवायला हाका मारमारून माझा घसा बसायचा. तुम्ही म्हणायचात, ऐकू येतं त्याला, मुद्दाम करतो. तो गेला त्या दिवशीही हेच बोललात त्याला. बहिऱ्याचं सोंग घेणाऱ्याला या घरात ताट नाही, म्हणालात." तिने टीव्हीवरची नजर हेडफोनकडे वळवली. "त्याच्या गळ्यात हेडफोन होते तेव्हा. काढून टेबलावर ठेवले आणि गेला."

धून संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. कुणीच ती बंद केली नाही.

मुलीने टेप दुमडलेल्या टोकाला धरून सोडवली आणि बाबांच्या तळहातावर ठेवली. मग खिशातून फोन काढला.

"मी दादाला फोन लावणार आहे," ती म्हणाली. "आत्ता, तुम्हा दोघांसमोर. टीव्हीला आवाज आला, एवढं मी सांगेन. बिघडलं काय होतं, ते बाबा, तुम्ही सांगायचं."