उभा चमचा

वरदने पातेल्यातल्या लापशीत चमचा उभा धरला आणि हळूच सोडला. चमचा क्षणभरही थांबला नाही. कडेला कलंडला आणि दांड्यापर्यंत बुडाला.

राजूरजवळच्या वाडीतली ही बालवाडी. लापशी नागलीची, म्हणजे आपल्या नाचणीची. पीठ नगरजवळच्या एका बाळआहाराच्या कारखान्यातून दर महिन्याला फुकट यायचं आणि त्याच कारखान्यात वरद उत्पादन सांभाळायचा. लापशी पाण्यासारखी असते, अशी तक्रार कारखान्याकडे गेली होती. म्हणजे पीठ कुठेतरी जिरतंय. शहानिशा करायला वरद सकाळीच नगरमधल्या सावेडीहून निघून आला होता. हातातल्या कागदावर एकच प्रश्न छापलेला होता: चमचा उभा राहतो का? उत्तर 'नाही' असेल, तर इथली चूल बंद आणि कारखान्याची तयार लापशीची पाकिटं सुरू. सात वर्षं इथे लापशी शिजवणाऱ्या रंगुबाईचं काम जाणार, आणि वर पीठचोर म्हणून नाव होणार ते वेगळंच.

"मावशी, पाणी किती घातलंत?"

"रोजच्यावानीच. वाटीला चार वाट्या."

वरदने बोट बुडवून चाखलं आणि तो बुचकळ्यात पडला. लापशी गोड होती. गूळ तर दोन आठवडे आलेलाच नव्हता. डबा त्याने स्वतः उघडून पाहिला होता, तळाशी चार मुंग्या तेवढ्या फिरत होत्या. पाणी वाढवलं तर चव जाते, येत नाही. आता मात्र त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

"गूळ घरून आणता काय?"

"घरी तरी कुठं हाय?" रंगुबाई म्हणाली. मग तिने सांगून टाकलं, "मूठभर मोडाचं पीठ टाकते मी. त्यानं सैल पडती."

नागली भिजवायची, तिला मोड आणायचे, वाळवायची आणि दळायची, ते मोडाचं पीठ. वरद एकदम सावरून बसला. मोड येताना दाण्यात एक एन्झाइम तयार होतं. ते पिठातल्या स्टार्चचे तुकडे पाडतं, घट्टपणा मोडतो आणि गोडी सुटते. कारखान्यात हेच काम करणारं एन्झाइम निळ्या कॅनमधून यायचं. वरद ते रोज मोजून उकळत्या टाकीत ओतायचा. पण एका मुठीने अख्खं पातेलं सैल होईल, हे काही त्याला पटेना. पटावं असं मात्र फार वाटत होतं.

"थांबा, मीच करून बघतो," तो म्हणाला.

त्याने पीठ मापलं, पाणी मापलं, चुलीपुढे बसून डोळे चोळत लापशी घोटली. ती रटरटायला लागल्यावर मोडाचं पीठ टाकलं. ढवळलं. वाट पाहिली. मग चमचा रोवला. चमचा शाळेतल्या शहाण्या पोरासारखा ताठ उभा राहिला.

वरदला वाईट वाटलं. या बाईने आपल्याला बनवलं, असं मनात आलं आणि त्याने कागदासाठी हात पुढे केला.

रंगुबाई तोंडाला पदर लावून हसत होती. "रटरटत्यात टाकून मारलंत की त्याला, साहेब."

तिने दुसरं पातेलं चढवलं. लापशी शिजून घट्ट झाल्यावर तिने ती खाली उतरवली आणि नुसती बसून राहिली. वरदची चुळबुळ चालली होती. बऱ्याच वेळाने तिने लापशीत बोट बुडवून झटकन काढलं, पुन्हा बुडवलं, आणि बोटाला सोसायला लागल्यावर मोडाच्या पिठाची मूठ सोडली. पळी आधी जड फिरत होती. मग हलकी झाली. मग लापशी पळीवरून धार धरून पडायला लागली. रंगुबाईने पातेलं पुन्हा चुलीवर ठेवून एक उकळी आणली.

वरदचे कान गरम झाले. एन्झाइम फार उष्णतेने मरतं, हे त्याने कॉलेजात घोकलं होतं. पण कारखान्यातलं एन्झाइम उकळीत टिकावं म्हणून खास निवडलेलं असायचं. दहा वर्षं त्याच्याशीच गाठ पडल्यामुळे नाजूक एन्झाइम कसं हाताळतात, हे तो साफ विसरून गेला होता.

"एवढा उपद्व्याप कशासाठी पण?" त्याने विचारलं.

रंगुबाईने भिंतीशी बसलेल्या दोन वर्षांच्या आरतीकडे बोट केलं. "घट्ट असली की ही चार घास खाती अन् तोंड फिरवती. पोटच केवढंसं. पानी वाढवलं तर पोटात पानीच जाईल की. अशी केली की पीठ हाय तेवढं समदं जातं."

"मग हे आजवर कुणाला सांगितलं का नाही?"

"इचारलं कुनी? येतो तो चमचा उभा करून बघतो अन् जातो."

वरदने पिशवीतलं पाकीट चाचपलं. नमुना म्हणून ते त्याने बरोबर आणलं होतं. त्यावर मोठ्या अक्षरात छापलं होतं, 'बाळाला सहज गिळता येईल असे'. त्या लापशीतही चमचा कधी उभा राहायचा नाही. तिला सैल करणारं एन्झाइम तो स्वतःच तर ओतायचा. पाकीट पिशवीतच राहिलं.

आरतीने वाटी रिकामी केली, चाटली आणि रंगुबाईपुढे सरकवली. रंगुबाईने तिला आणखी वाढलं, पण तिची नजर वरदच्या पेनावर होती.

चमचा उभा राहतो का? वरदने छापील प्रश्नापुढे लिहिलं, 'नाही.' आणि कागदावर जागा नव्हती तरी समासात पुढे लिहिलं, 'म्हणूनच इथली मुलं दुसरी वाटी मागतात.'