राणीचा मंत्र

आईच्या वर्षश्राद्धाला आम्ही मूल गावाहून माहेरी आलो होतो. माझी लेक करिष्मा घरापुढच्या सपरीत मोबाईलवर गेम खेळत बसली होती.

“आई, यातली चेटकीण राणी पाह्य! मंत्र म्हणते अन् सारं गाव तिले भेते. बाई अशीच पायजे!” आणि तिने तो मंत्र खणखणीत म्हणून दाखवला.

मी धावत जाऊन तिचं तोंड दाबलं. आजी आजाराने गेली, एवढंच मी तिला सांगितलं होतं. मंत्र म्हणता येऊ नयेत म्हणून याच गावाने आजीचे दात दगडाने पाडले आणि त्यातच ती गेली, हे सांगितलं नव्हतं.

कुंपणापलीकडे भांडी घासण्याचा आवाज थांबला.

“काऊन वो बाई,” शेजारीण म्हणाली, “म्हातारी नातीले शिकवून गेली काय?”