अजून कोवळं आहे

आमच्या घरी गवत कधी कापायचं, हे सासऱ्यांचे दात ठरवतात. रोज सकाळी बांधावर उभं राहून ते एक काडी चावून बघतात. तुरा यायच्या आधी, काडी मऊ आणि गोड असतानाच विळा लागला पाहिजे, हा त्यांचाच नियम. चाळीस वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

यंदा मात्र पंधरा दिवस एकच पालुपद चाललं होतं, "अजून कोवळं आहे, थांबा."

इकडे शेतभर तुरे डोलायला लागले. मी कडेची एक पेंढी कापून घातली, तर गायींनी पाला तेवढा खाल्ला आणि काड्या गव्हाणीत तशाच सोडल्या.

नवऱ्याला म्हटलं, "बाबांच्या हट्टापायी गायी आटतील."

"तुझं वय नाही तेवढा त्यांचा अनुभव आहे," तो म्हणाला. "तू मध्ये पडू नकोस."

आज मी पडले. बांधावर गेले, एक काडी तोडून आधी स्वतः चावली. सुतळी चावावी तशी लागली. त्याच ठोंबातली दुसरी काडी सासऱ्यांच्या हातात दिली.

"आता चावा, आणि माझ्याकडे बघून सांगा."

त्यांनी ती डाव्या दाढेखाली धरून सावकाश चावली.

"कोवळी आहे गं," ते म्हणाले.

मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या तोंडाकडे गेलं. काडीनं त्यांचा ओठ डावीकडे चिरला होता. रक्त हनुवटीवरून सदऱ्यावर ठिबकत होतं, आणि ते शांतपणे चावतच होते.